एक झाकण टीसीएल

फर्स्ट इयरच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, ‘पीपीएम म्हणजे काय?’ मी ‘पार्ट्स पर मिलियन’ म्हणून मोकळी झाले. पुढचा प्रश्न, ‘म्हणजे किती?’ माझी बोलती बंद! दशलक्ष म्हणजे दहा लाख, हेही कॉन्व्हेंटच्या कृपेने मला त्या दिवशीच कळलं.

खरं उत्तर मिळालं होस्टेलच्या गच्चीवर. बुटीबोरीत पाऊस लागला, नळाला गढूळ पाणी आलं आणि आमच्या विंगमधल्या बऱ्याच मुलींची पोटं बिघडली. दोष पाण्याचाच होता असं मी म्हणत नाही, पण शंका आली. टाकीत टीसीएल (आपली ब्लीचिंग पावडर हो) पडते का? मामा म्हणाले, ‘टाकतो न बाप्पा, दरवेळी एक झाकण!’ झाकणभर पावडर लॅबमध्ये तोलली. ३० ग्रॅम.

आता गणित. टाकी ५,००० लिटरची. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं ठरवलं. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. म्हणून लिटरला २ मिलिग्रॅम म्हणजेच २ पीपीएम. सगळ्या टाकीला १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम क्लोरीन. पण पावडर म्हणजे नुसतं क्लोरीन नव्हे. ताज्या टीसीएलमध्ये ते सुमारे ३३ टक्के असतं. १० भागिले ०.३३, साधारण ३० ग्रॅम. मामांचं झाकण अगदी बरोबर!

मग चुकलं कुठे? पोतं उन्हाळाभर गच्चीवर उघडं पडलं होतं. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी टीसीएलमधलं क्लोरीन उडून जातं. मग आपलं नेहमीचंच प्रॅक्टिकल केलं : आयोडाइड, ॲसिटिक ॲसिड, स्टार्च, थायोसल्फेट. १०० मिलिग्रॅम पावडरीला ०.१ नॉर्मल थायोसल्फेट ५.६ मिलिलिटर लागलं. एका मिलिलिटरला ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे जेमतेम २० टक्के. ३० ग्रॅममधून क्लोरीन मिळत होतं फक्त ६ ग्रॅम, म्हणजे १.२ पीपीएम. हवी होती ५० ग्रॅम पावडर.

त्यात गढूळ पाणी स्वतःच क्लोरीन खातं. म्हणून टाकलं किती यापेक्षा अर्ध्या तासाने उरलं किती हे बघायचं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट करतात ती याचसाठी : थेंब टाकला की पाणी पिवळं दिसतं. (ते पाणी पिऊ नका, फेकून द्या.) आणि पावडर सरळ टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत सोडायचं.

आता पावडर सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात असते आणि टक्केवारी डब्यावर खडूने लिहितो. परवा २८ लिहिलं, तर मामाच म्हणाले, ‘म्हणजे छत्तीस ग्राम न, बेटा?’