चाळकेवाडीच्या सड्यावर वारा मोजताना

"सर, आमच्या जांबला अशा पवनचक्क्या का नाहीत?" हा प्रश्न नववीतील एका मुलीला दोनदा ओरडून विचारावा लागला, कारण पहिल्या वेळी वाऱ्याने तो उडवून नेला.

खरे तर तेथे जाण्याचे ठरलेच नव्हते. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, तर साताऱ्याजवळचा सज्जनगड हे त्यांचे समाधिस्थान. म्हणून गावातील मंडळी मे महिन्यात गडावर आली होती. परतीची गाडी रात्रीची, दिवस मोकळा. कोणीतरी पवनचक्क्यांचा विषय काढला आणि तासाभरात आम्ही जीपने ठोसेघरच्या रस्त्याला लागलो. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. इकडे त्याला 'सडा' म्हणतात. आडोशाला झाड म्हणून जवळपास नाही.

एवढा वारा येतो कोठून? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. तिच्यावरील हवा विरळ होऊन वर जाते आणि अरबी समुद्रावरील हवा तिची जागा घेण्यास धावते. वाटेत सह्याद्री आडवा येतो. माथा ओलांडताना हवेला वाट अपुरी पडते व तिचा वेग वाढतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट दाबून पाहा, म्हणजे हे पटेल.

वाऱ्याचा वेग मोजायला आमच्याजवळ उपकरण नव्हते. परंतु एका मुलाने वाटेत रुईचे फुटलेले बोंड खिशात घातले होते. त्यातील म्हातारी हे उत्तम साधन! वीस मीटर अंतर पावलांनी आखले आणि मनगटी घड्याळ लावले. गुडघ्याच्या उंचीवर सोडलेल्या म्हाताऱ्यांना ते अंतर तोडायला सरासरी ४ सेकंद लागले, तर हात उंच करून सोडलेल्यांना अडीच सेकंद. म्हणजे खाली सेकंदाला ५ मीटर, वर ८ मीटर. जमिनीशी होणाऱ्या घर्षणाने खालची हवा मंदावते; म्हणून तर पवनचक्कीला एवढा उंच मनोरा लागतो.

५ आणि ८ यांत फारसा फरक वाटत नाही ना? आता गणित करू. या उंचीवर एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे एक किलोग्रॅम असते. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा पात्यांतून जाते, शिवाय प्रत्येक किलोग्रॅमची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून शक्ती आठपट! ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक चौरस मीटरमधून ५ मीटर वेगाचा वारा ६२.५ वॅट नेतो, तर ८ मीटरचा २५६ वॅट. यातलेही सारे हाती येत नाही. फार तर ५९ टक्के मिळू शकते, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिले. हवेची सारी ऊर्जा काढून घेतली, तर ती पात्यांमागेच थबकेल आणि मागून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या घनात आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील सखल शेतांवर वाऱ्याचा वेग निम्मा असेल, तर तेच यंत्र अष्टमांश शक्तीवर भागवील.

हिशेब येथे संपला असता. पण मुलांना दगडावर बसलेला एक सरडा दिसला. गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा तो फुलवून दाखवीत होता. या जातीचे 'सरडा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव २०१६ मध्ये ठेवले गेले. त्यातील 'सरडा' आपल्या मराठीतला! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व सहकाऱ्यांनी याच पठारावर अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांजवळ ते विरळ झाल्याने सरडे वाढले व धीट बनले. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत. धूर नाही, राख नाही, तरीही पठारावर इतका बदल! आणि हे निर्भय सरडे सुखी असतील असे मानू नका. संख्या वाढली की खाद्यासाठी चढाओढ वाढते. चक्क्यांजवळचे सरडे अंगाने रोड निघाले, आणि त्यांच्या गळ्यावरचे रंगही फिके.