‘एल’ची जागा आणि पुण्यातली खोली

चोपड्यातली बारावी सायन्सची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणाली, तर नियम बऱ्यापैकी तिच्या बाजूनं आहेत. घरच्यांना मात्र ते अर्धवटच ठाऊक असतात.

एमएचटी-सीईटीनंतर ‘कॅप’ म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया सुरू होते. कटऑफच्या यादीत प्रवर्गाआधी ‘जी’ किंवा ‘एल’ हे अक्षर असतं. ‘जी’ची जागा सगळ्यांची, ‘एल’ची फक्त मुलींची; अशा 30 टक्के. गुणवत्तेवर मुलीला ‘जी’तूनही जागा मिळते, आणि ‘एल’चा कटऑफ पुष्कळदा थोडा खाली येतो. नुसते ‘जी’चे आकडे बघून वरची कॉलेजं पर्यायांतून वगळली, तर नुकसान आपलंच.

मग फी. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. आधी निम्मीच माफ होती. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. अर्ज महाडीबीटीवर करायचा, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. निकालानंतर सेतू केंद्रावर झुंबड उडते, तेव्हा दाखला मे महिन्यातच काढलेला बरा.

खरी अडचण पुढं आहे. चोपड्याला रेल्वे नाही. जळगावचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा तापीपलीकडे, पन्नासेक किलोमीटरवर. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण प्रॅक्टिकल लांबलं की संध्याकाळची गाडी चुकते. पुण्याचं कॉलेज मिळालं तर खोली आणि मेसचा खर्च या फीमाफीत बसत नाही. मुलगा चार मित्रांत कुठंही खोली करतो. मुलीला वसतिगृहच हवं असतं, आणि ते मिळालं नाही की घरात गावातल्याच बीएस्सीचा विषय निघतो. देशभरात बीटेकला मुली दहांत तीनच्या आसपास आहेत. आयटी कंपन्यांना मुली कमी का मिळतात, याचं निम्मं उत्तर मला या वसतिगृहाच्या यादीत दिसतं.

दुसरी गळती बाळंतपणानंतरची. 2017 च्या कायदादुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची केली. आयटीत रजेचा हा पगार बहुतेक वेळा कंपनीच्याच खिशातून जातो, म्हणून छोटी कंपनी नुकतं लग्न झालेल्या मुलीला घेताना बिचकते. खंड पडलेल्या बायकांना परत घेण्यासाठी टाटा समूहानं 2008 मध्ये खास योजना आणली. अशा वाटा अजून मोठ्या कंपन्यांतच जास्त दिसतात. पाळणाघर कागदावर आहे की खरंच चालतं, हे ऑफर स्वीकारण्याआधी तिथल्याच एखाद्या आईला विचारून घ्यावं.