कुलगुरू गेले, मेमोचं काय?

6 जानेवारी 2025 ला विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरू निवडीच्या नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. 7 तारखेला मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ झाला आणि पुढच्या काही दिवसांत लक्षात आलं, की पदवी प्रमाणपत्रांवर विद्यापीठाच्याच नावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. ‘मुंबई’त एक ए जादा घुसलाय. मसुद्यावर अग्रलेख आले, तमिळनाडू विधानसभेने तर विरोधाचा ठरावच केला. जादा ए वाट्याला आले ते विनोद.

आष्टीत मात्र या दोन बातम्यांचा क्रम उलटा लागेल. आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. बीडची नव्हे, वर्ध्याचीही नव्हे. मराठवाड्यात हा खुलासा आधी करावा लागतो. इथल्या घरांत कुलगुरू कोण झाला याच्याशी कुणाचं फारसं देणंघेणं नसतं. पण कापूस आणि सोयाबीनच्या पैशातून पोराला पदवीधर केलेल्या बापाला टीव्हीवर ‘कुलगुरूंची नेमणूक बेकायदा’ अशी पट्टी दिसली, की तो एकच प्रश्न विचारतो : “त्यांच्या भांडणानं आमच्या पोराची डिग्री बाद होती का?”

प्रश्न भाबडा वाटेल, पण 2024 च्या अखेरीस पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनाही तो पडला असणार. त्यांनी तो जरा बऱ्या इंग्रजीत विचारला असेल एवढंच. घटनाक्रम असा. सप्टेंबर 2024 मध्ये कुलगुरू डॉ. अजित रानडे यांना पदावरून दूर करण्यात आलं. प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव नाही, हे कारण. उच्च न्यायालयाची स्थगिती आली. कुलपती बिबेक देबरॉय यांनी कुलपतिपद सोडलं, त्यांच्या जागी संजीव सान्याल आले आणि नोव्हेंबरात रानडेंनी स्वतःच राजीनामा दिला. आता गंमत पाहा. आयोगाचा जानेवारी 2025 चा मसुदा म्हणत होता, की उद्योग, प्रशासन किंवा सार्वजनिक धोरण या क्षेत्रांत वरिष्ठ पदावर दहा वर्षं काढलेली व्यक्तीही कुलगुरू होऊ शकेल. रानडे मोठ्या उद्योगसमूहात मुख्य अर्थतज्ज्ञ होते. ज्या अटीवर बोट ठेवून इतकं रामायण झालं, ती अट दोन महिन्यांत कागदावर सैल झाली. मसुदा चांगला की वाईट हा वाद वेगळा, पण नियमाचं पावित्र्य किती दिवसांचं असतं ते यातून कळतं.

तर, डिग्री बाद होते का? नाही होत. हे उत्तर आपल्याला ज्यांच्यामुळे ठामपणे देता येतं, त्या न्यायमूर्तींना या वादात कुणी आठवत नाही, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त जागा खर्च करतो.

ओ. चिन्नप्पा रेड्डी. राष्ट्रगीताला उभे राहिले पण गायले नाहीत म्हणून शाळेतून काढलेल्या केरळच्या मुलांना 1986 मध्ये न्याय देणारे हेच. त्याआधी पाच वर्षं, 1981 मध्ये, त्यांच्यापुढे ‘गोकराजू रंगराजू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ हा खटला आला. आंध्रातल्या काही सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका बेकायदा ठरून रद्द झाल्या होत्या. झालं, त्यांच्याकडून शिक्षा झालेले आरोपी सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. म्हणाले, न्यायाधीशच खरा नव्हता तर आमची शिक्षा खरी कशी? तर्क बिनतोड वाटतो. रेड्डींनी तो मोडला, आणि मोडताना थेट 1431 सालच्या इंग्लंडमधल्या एका मठाधिपतीच्या खटल्यापर्यंत मागे गेले. पदावर बसलेला माणूस रीतसर दिसणाऱ्या सरकारी नेमणुकीने बसलेला होता, लोक त्याला त्या पदाचा धनी समजून व्यवहार करत होते. मग पुढे नेमणुकीत खोट निघाली तरी त्याने पदावरून केलेली कामं टिकतात. त्याच्या नेमणुकीला आव्हान द्यायचं तर सरळ द्या, त्याने केलेल्या कामांच्या आडून नको. असं मानलं नाही तर लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क एका फटक्यात हवेत जातील. मात्र कुठल्याही नेमणुकीविना खुर्ची बळकावणाऱ्या तोतयाला हे संरक्षण नाही.

आष्टीच्या भाषेत : फेरफारावर सही करणाऱ्या तलाठ्याची नेमणूक उद्या रद्द झाली म्हणून तुमचा सातबारा कोरा होत नाही.

केरळात हे थेट विद्यापीठाच्या बाबतीत घडलं. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक मुळापासूनच रद्दबातल ठरवली. शोध समितीने नावांची यादी पाठवण्याऐवजी एकच नाव पाठवलं होतं, ही खोट. मुळापासून रद्द, म्हणजे 2019 पासून त्या खुर्चीत कायद्याने कुणी नव्हतंच! तरी त्या साडेतीन वर्षांतल्या अभियंत्यांच्या पदव्या रद्द झाल्या नाहीत. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात कुलगुरू राजन वेळूकरांच्या पात्रतेचा वाद डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला, फेब्रुवारी 2015 मध्ये राज्यपालांनी त्यांना कामापासून दूर राहायला सांगितलं, पुढे सर्वोच्च न्यायालयाचा दिलासा घेऊन त्यांनी कार्यकाळ पूर्ण केला. त्यांच्या सहीच्या पदव्या घेतलेले लोक आज बँकांत, शाळांत, कोर्टांत कामाला आहेत. त्यांना कुणी सहीबद्दल विचारत नाही. दरवर्षी 14 जानेवारीला नामविस्तार दिन असतो. 1994 पूर्वी पदवी घेतलेल्यांच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव पुढे लागलं म्हणून त्या जुन्या कागदाची किंमत तसूभर घटली नाही.

पदवी खरोखर मरते ती विद्यापीठाचा स्वतःचाच पाया नसला की. छत्तीसगडने 2002 मध्ये असा कायदा केला, की बघता बघता 112 खासगी विद्यापीठं उगवली. काहींना धड इमारत नव्हती. शास्त्रज्ञ यशपाल न्यायालयात गेले आणि 2005 मध्ये कायद्यातली ती तरतूदच उडाली. विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांशी जोडून घ्यायची वाट न्यायालयाने ठेवली म्हणून ते वाचले. नोव्हेंबर 2017 मध्ये इतकी दया झाली नाही. चार अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना पत्रव्यवहाराने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. न्यायमूर्ती उदय लळित यांच्या निकालाने 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित झाल्या, पुन्हा परीक्षा देऊन त्या सोडवून घ्या म्हणून सांगितलं गेलं. त्यानंतरच्यांच्या सरळ रद्द. नोकरीत दहा-बारा वर्षं झालेली माणसं परत परीक्षेला बसली. तेव्हा प्रवेश घेताना कुलगुरूचं नाव पाहू नका, मान्यता पाहा. ती कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या पद्धतीने शिकवायला आहे, तेही पाहा.

इथवर कायदा. लेख इथे संपला असता, जर पदवी ‘वैध’ असणं आणि पदवी ‘चालणं’ या एकाच गोष्टी असत्या.

2017 चा मुंबईचा उन्हाळा आठवा. कुलगुरू संजय देशमुख यांनी एकाच सत्रात सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. 477 परीक्षा, 17 लाखांवर उत्तरपत्रिका, प्राध्यापकांना धड प्रशिक्षण नाही, स्कॅनिंगचा घोळ. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, ती हुकली. मग रोज नवी तारीख. काही उत्तरपत्रिका सापडेनाशाच झाल्या. ऑगस्टमध्ये देशमुखांना रजेवर पाठवलं, कोल्हापूरचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे कारभार दिला आणि 24 ऑक्टोबरला देशमुखांना बडतर्फ करण्यात आलं. त्या विद्यापीठाच्या 160 वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. सगळे मथळे बडतर्फीला मिळाले. ज्यांचे पुढचे प्रवेश निकालाअभावी हुकले, त्यांच्या पदवीला कायद्याने कुठेही धक्का लागला नव्हता! कागद अस्सल, फक्त गाडी सुटून गेल्यावर हातात आलेला.

आणि इथे कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जम्मू-काश्मीरमध्ये 1982 साली कनिष्ठ अभियंत्यांची भरती निघाली. अर्जाची शेवटची तारीख 15 जुलै. काही उमेदवारांनी परीक्षा दिली होती, पण त्यांचा निकाल लागला ऑगस्टमध्ये, मुलाखतीच्या अगदी तोंडावर. ते पात्र की अपात्र? सर्वोच्च न्यायालयाने आधी होय म्हटलं, मग 1997 मध्ये फेरविचार करून ठरवलं, की पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेलाच मोजायची. निकाल नंतर लागला, दोष विद्यापीठाचा होता, ही सबब नाही. ‘अशोककुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर’ असं त्या खटल्याचं नाव. आजही भरतीच्या वादांत हा निकाल पुढे केला जातो. म्हणजे बेकायदा कुलगुरूने सही केलेली पदवी चालते, कायदेशीर कुलगुरूच्या विद्यापीठाने उशिरा दिलेली त्या भरतीपुरती चालत नाही.

हे जालना जिल्ह्यात ताडून पाहा. पोलीस भरती, तलाठी भरती, बँका, लोकसेवा आयोग. सगळ्यांच्या जाहिरातीत एक कट-ऑफ तारीख असते. मेमोवर निकालाची तारीख असते. आपल्याकडे गुणपत्रिकेला मेमोच म्हणतात, आणि मेमोत चूक निघाली, ‘राखीव’ असा शेरा आला किंवा एका विषयाचे गुण चढलेच नाहीत, की आष्टीहून परतूर, परतूरहून जालना, जालन्याहून संभाजीनगरातलं विद्यापीठ. दिवस मोडतो. खिडकीवर साहेब नसले तर दुसराही मोडतो. तुरीची कापणी, कापसाची वेचणी सोडून बाप बरोबर येतो तो वेगळाच. विद्यापीठाजवळ राहणाऱ्या पोराला असा घोळ म्हणजे एक चक्कर. परतूर तालुक्यातल्या पोराला तो खर्च, आणि पोरगी असेल तर कधी कधी शिक्षणाचा शेवटही. वरच्या भांडणाची झळ विद्यापीठापासूनच्या अंतरानुसार वाढत जाते, असं माझं मत आहे. त्यासाठी कुलगुरूच बडतर्फ व्हावा लागतो असंही नाही. केरळच्या त्याच प्रकरणात पदव्या वैध राहिल्या, पण नव्या प्रभारी कुलगुरूंच्या सहीसाठी प्रमाणपत्रं अडकून पडली. खुर्ची रिकामी, प्रभारी माणूस दुसऱ्या विद्यापीठातून येऊन-जाऊन. मोठ्या निर्णयांवर सही करायला प्रभारी कचरतो. आपल्या मराठवाड्याच्या विद्यापीठाचंच पाहा : डिसेंबर 2023 अखेर कुलगुरू डॉ. प्रमोद येवले यांची मुदत संपली आणि डॉ. विजय फुलारी येईपर्यंत कारभार पुण्याच्या कुलगुरूंकडे होता. ते काही आठवड्यांत निभावलं. सगळीकडे निभावत नाही.

दुसरी झळ प्रतिष्ठेची. गोखले इन्स्टिट्यूटकडे 1930 पासूनची शिल्लक आहे. धनंजयराव गाडगीळ, वि. म. दांडेकर, नीळकंठ रथ यांनी जमवलेली. 2024 च्या खुर्चीच्या नाट्यात ती आटणार नाही, तिथल्या मुलांनी निर्धास्त राहावं. चारशेहून अधिक महाविद्यालयं पोटात घेतलेल्या विद्यापीठाकडे अशी एकसंध शिल्लक नसते. तिथे किंमत ठरते परीक्षेवरच्या विश्वासावर. मे 2017 मध्ये संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) पोलिसांनी एका नगरसेवकाच्या घरी छापा घातला, तेव्हा अभियांत्रिकीची पोरं परीक्षेच्या उत्तरपत्रिका नव्याने लिहीत बसलेली सापडली. त्या बातमीने मराठवाड्याच्या पदवीचं जे नुकसान केलं, ते कुठल्याही कुलगुरूच्या पात्रतेच्या वादाने केलेलं नाही. विनापरीक्षा पदवी देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 ला राज्यांना सांगितलं, ते याच विश्वासासाठी. तरी पुढच्याच वर्षी मदुराईत एका खासगी बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत 2021 ला उत्तीर्ण झालेले पात्र नाहीत, असं छापून आलं. बँकेने छपाईची चूक म्हणून हात झटकले. असेलही चूक. पण ‘कोरोनाची बॅच’ हा टोमणा आपल्या गावांतही ऐकू येत होता, तो कुणी छापला नव्हता.

आयोगाने मसुद्यावर सुरुवातीला 5 फेब्रुवारी 2025 पर्यंत हरकती मागवल्या होत्या. शोध समितीत राज्य सरकारला जागा उरली नाही, यावर हरकती जायलाच हव्या होत्या; राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाचा प्रमुख निवडताना राज्याला बाहेर बसवणं मला पटत नाही. पण मुंबई ते संभाजीनगर, कुणाही पदवीधराला विचारा, त्याच्या आयुष्यात कुलगुरूपेक्षा मोठा माणूस म्हणजे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा संचालक. त्याच्या निवडीसाठी विधानसभा ठराव करत नाहीत, त्या पदावर प्रभारी बसवला तर बातमी होत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावायची तरतूद आहे. आयोगाच्या 2008 च्या नियमांत पदवी 180 दिवसांत हाती द्या, असं लिहिलंय. ही मुदत पाळली गेली का, याचा हिशेब प्रत्येक कुलगुरूच्या मुदतवाढीच्या आणि पुनर्नियुक्तीच्या फायलीत पहिल्या पानावर लावा, अशी एक हरकत आष्टीतूनही जाऊ शकत होती. ईमेलने पाठवता येत होती, त्यासाठी संभाजीनगरला जावं लागत नव्हतं.