झिको

झिको : (३ मार्च १९५३ – ). ब्राझीलचा विख्यात फुटबॉलपटू व प्रशिक्षक. पूर्ण नाव आर्तुर आंतुनेस कोइंब्रा. जन्म रिओ दे जानेरो शहराच्या किंतिनो बोकायूव्हा या उपनगरात. वडील मूळचे पोर्तुगालचे व व्यवसायाने शिंपी. सहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. आंतुनेस व एदू हे त्याचे थोरले भाऊही व्यावसायिक फुटबॉल खेळत. आर्तुर या नावाची ‘आर्तुरझिन्यो’, ‘आर्तुरझिको’ अशी लाडकी रूपे घरात प्रचलित होती. त्यांतूनच ‘झिको’ हे नाव रूढ झाले. विश्वकरंडक एकदाही हाती न येताही पेलेनंतरच्या ब्राझीलच्या श्रेष्ठ खेळाडूंत त्याची गणना होते. २०१४ ते २०१६ या काळात तो गोव्यात प्रशिक्षक होता.

झिको मधल्या फळीतील खेळाडू होता. बचावफळीकडून आलेला चेंडू ताब्यात घेणे, मैदानाची स्थिती क्षणात ओळखणे व आघाडीच्या खेळाडूला योग्य वेळी चेंडू पुरविणे, हे या जागेवरील खेळाडूचे मुख्य कार्य. झिको ते करीतच असे. शिवाय स्वतः पुढे जाऊन गोलही करी. प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीवरून वळवून मारलेली फ्री किक हे त्याचे वैशिष्ट्य होते. संघाचा सराव संपल्यावरही तो या किकचा स्वतंत्र सराव करीत असे.

फ्लामेंगो या रिओतील क्लबच्या कुमार संघात तो १९६७ मध्ये दाखल झाला. अंगकाठी किरकोळ असल्याने क्लबने त्याच्यासाठी आहार व व्यायामाचा खास कार्यक्रम आखला. १९७१ मध्ये तो मुख्य संघातून खेळू लागला. या क्लबसाठी त्याने पाचशेहून अधिक गोल केले. त्याच्या काळात फ्लामेंगोने १९८०, १९८२ व १९८३ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतील क्लबांची लिबेर्तादोरेस चषक स्पर्धाही त्यांनी जिंकली; चिलीच्या कोब्रेलोआविरुद्धच्या निर्णायक सामन्यातील दोन्ही गोल झिकोचे होते. त्याच वर्षी डिसेंबरात टोकिओ येथे फ्लामेंगोने लिव्हरपूल या इंग्लिश संघाचा ३–० असा पराभव केला. या सामन्यात झिकोने स्वतः गोल केला नाही. तथापि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

१९८३ मध्ये तो इटलीतील उदिनेसे क्लबकडे गेला. इटालियन फुटबॉल संघटनेने प्रथम या कराराला हरकत घेतली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सीमेजवळील उदिने शहरात ‘झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो’ अशा आशयाच्या घोषणा झाल्या. अखेर परवानगी मिळाली व पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये १९ गोल केले. १९८५ मध्ये तो फ्लामेंगोकडे परतला; परंतु त्याच वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या धसमुसळ्या खेळामुळे त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. तिचे परिणाम त्याला दीर्घकाळ भोगावे लागले.

ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातर्फे अधिकृत ७१ सामन्यांत त्याने ४८ गोल केले. १९७८, १९८२ व १९८६ या तीन विश्वकरंडक स्पर्धांत तो खेळला. १९८२ च्या संघात झिको, सोक्रातीस, फाल्काँव व तोनिन्यो सेरेझो अशी मधली फळी होती. तिच्या खेळाची गणना आजही फुटबॉलमधील सर्वांत देखण्या खेळांत केली जाते. स्पर्धेत झिकोने चार गोल केले. ५ जुलै १९८२ रोजी बार्सेलोना येथे इटलीविरुद्ध ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. तरीही बचावाकडे न वळता तो संघ आक्रमक खेळत राहिला व २–३ असा हरला. १९८६ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या झिकोची पेनल्टी किक गोलरक्षकाने अडविली. सामना १–१ असा बरोबरीत सुटला व पेनल्टींवर ब्राझील पराभूत झाला. त्या निर्णायक पेनल्टींत मात्र झिकोने गोल केला होता.

१९९०-९१ मध्ये तो ब्राझील शासनात क्रीडा खात्याचा प्रमुख होता. १९९१ मध्ये तो जपानला गेला. प्रशांत किनाऱ्यावरील काशिमा या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी, दुसऱ्या श्रेणीतील एका कंपनीच्या संघात तो सामील झाला. १९९३ मध्ये जपानची व्यावसायिक लीग सुरू होताच हा संघ काशिमा अँटलर्स या नावाने तीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात झिकोने तीन गोल केले. १९९४ मध्ये तो खेळाडू म्हणून निवृत्त झाला. सराव, शिस्त व व्यावसायिक वृत्ती यांचा त्याने तेथे घालून दिलेला पायंडा टिकून राहिला आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक विजेतेपदे काशिमाने मिळविली. २००२–०६ मध्ये तो जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता; २००४ चा आशियाई चषक या संघाने जिंकला. त्याच वर्षी विश्वकरंडक पात्रता फेरीत जपानने भारताला साइतामा येथे ७–० व कोलकाता येथे ४–० असे हरविले. पुढे तुर्कस्तानातील फेनरबाचे संघाला त्याने २००७ चे लीग विजेतेपद मिळवून दिले.

मालवण–वेंगुर्ले किनाऱ्याने दक्षिणेस गेल्यास तेरेखोल नदीपलीकडे गोव्याचा प्रदेश लागतो. पोर्तुगीज अमदानीत तेथे रुजलेल्या फुटबॉलला साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स यांसारख्या क्लबांनी राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफसी गोवा या नव्या संघाने झिकोला प्रशिक्षक नेमले. पहिल्या वर्षी हा संघ उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरला. दुसऱ्या वर्षी साखळीत तो अव्वल आला. २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावजवळील फातोर्डा मैदानावरील अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटापर्यंत २–१ असा पुढे होता आणि अखेरच्या क्षणांतील दोन गोलांमुळे चेन्नईयिनकडून २–३ असा पराभूत झाला. २०१६ मध्ये संघ तळाला गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये झिकोचा करार संपुष्टात आला.

मंदार राव देसाई व रोमियो फर्नांडिस हे गोमंतकीय खेळाडू त्याच्या मार्गदर्शनाखाली पुढे आले. रोमियो २०१५ मध्ये ब्राझीलच्या अत्लेतिको पारानाएन्से संघातून काही काळ खेळला. काशिमात झिकोला संघ मुळापासून उभारण्यास अनेक वर्षे मिळाली. गोव्यात मात्र वर्षाकाठी सु. अडीच महिन्यांचा हंगाम होता. शिवाय २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतल्याने स्थानिक खेळाडू घडविणारी जुनी क्लबपरंपराही दुबळी झाली. थोर शिक्षक लाभला, तरी वर्षभराचा सराव व स्पर्धा यांवाचून त्याची शिकवण रुजत नाही, हे या दोन अनुभवांच्या तुलनेतून दिसून येते. २०१८ मध्ये झिको तांत्रिक संचालक म्हणून काशिमास परतला व त्याच वर्षी त्या संघाने आशियाई चँपियन्स लीग प्रथमच जिंकली.