काळा दगड, तांबूस दगड

नांदेडहून देगलूरकडे जाताना नायगाव लागते आणि याच टापूत दख्खनचा दगड बदलतो. पश्चिमेला कंधार-लोह्यापासून थेट सह्याद्रीपर्यंत जमिनीखाली काळा पाषाण पसरलेला आहे. पूर्वेला बिलोली, देगलूर, मुखेडच्या अंगाने तो पातळ होत जातो आणि खालचा तांबूस-करडा ग्रॅनाइट उघडा पडतो. माळावर कुणी हौसेने एकावर एक रचून ठेवावेत तसे गोल धोंडे दिसू लागले की काळ्या पाषाणाची हद्द संपत आली असे समजावे. तेलंगण तिथून फार लांब नसते.

काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचला आणि आजचे दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी हजार मीटरच्या वर जाते, पूर्वेकडे ती कमी होते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले तेव्हा ३३८ मीटर काळा दगड लागला, मग थोडा गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइट. किल्लारीला जो दगड इतक्या खोलवर आहे तोच देगलूरच्या माळावर उन्हात पडलेला आहे. त्याचे वय दोनशे-अडीचशे कोटी वर्षांचे, म्हणजे काळा पाषाण त्याच्यापुढे कालचे पोर. मांजरा नदीच्या लाल वाळूला हैदराबादेपर्यंत मागणी असते. तिच्यातला बराच कण याच जुन्या दगडाच्या झिजेतून आलेला आहे.

दोन्ही दगडांचे स्वभाव वेगळे असल्याने ते फोडण्याची रीतही वेगळी. काळा पाषाण बारीक कणांचा, चिवट आणि जड. तो थंड होतानाच त्यात उभ्या-आडव्या चिरा पडलेल्या असतात आणि तो फुटतो त्या चिरांनी, फोडणाऱ्याच्या मर्जीने नव्हे. त्यामुळे खदानीतून लांबलचक सरळ पट्टी काढणे अवघड, पण हाताएवढा तुकडा घेऊन त्यावर नक्षी कोरायची तर यासारखा दगड नाही. धार बसली की शेकडो वर्षे टिकते. ग्रॅनाइट भरड कणांचा. त्याला नस असते. ती ओळखता आली तर दोन पुरुष लांबीची पट्टी सुतात सरळ निघते. तेलंगणात शेताच्या कुंपणाला दगडी खांब सर्रास दिसतात ते त्यामुळेच.

नस ओळखणे हाच या धंद्यातला खरा हुन्नर. कारागीर आधी दगडावर पाणी मारतो, ओला दगड कसा वाळतो ते बघतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. मग दोरी ताणून गेरूची रेघ मारली जाते. रेघेवर वीतभर अंतराने छन्नीने दोन-तीन बोटे खोल भोके पाडतात आणि प्रत्येक भोकात लोखंडी पाचर बसवतात. घण घेऊन पहिल्या पाचरीपासून शेवटच्या पाचरीपर्यंत एकेक ठोका, पुन्हा पहिलीपासून. घाई करून एकच पाचर ठोकली तर दगड तिरका जातो आणि दिवसाची मजुरी बुडते. पाचर घट्ट होत जाते तसा घणाचा आवाज चढतो, खणखणीत होतो आणि एका ठोक्याला एकदम बद्द वाजतो. दगड आतून सुटलेला असतो. चीर डोळ्यांना नंतर दिसते. लोखंड महाग होते त्या काळी वाळलेल्या लाकडाच्या पाचरी मारून त्यांवर पाणी सोडत. लाकूड फुगले की दगड उकले. सपाट कातळावर जाळ करून वरचा पापुद्रा उचलण्याची रीतही ग्रॅनाइटच्या मुलखात जुनी आहे.

ही रीत जगभर थोड्याफार फरकाने अशीच आहे. अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगरातून पार्थेनॉनसाठी संगमरवर काढला गेला तो इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात, आणि तोही अशाच खाचा पाडून, पाचरी मारून. मराठवाड्यात संगमरवर निघत नाही. चुनखडकाला जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता मिळाली की त्याचा संगमरवर होतो. इथे तो योग जुळला नाही. मराठवाड्याच्या घरांतली शहाबादी फरशी आणि तांदूरची फरशी मात्र चुनखडकाचीच. दोन्ही निजामाच्या राज्यातल्याच खाणींमधून येत, म्हणून नांदेड-लातूरच्या वाड्यांत त्यांचे अप्रूप कधी वाटले नाही.

घडवलेल्या दगडाच्या बाबतीत हा भाग श्रीमंत आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मंदिरे आहेत. सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यांगावरच्या सुरसुंदरींच्या गळ्यातले हार आणि बोटांतल्या अंगठ्या आजही मोजता येतात. लातूर जिल्ह्यातले निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर त्याच परंपरेतले. कंधार ही राष्ट्रकूटांची जुनी नगरी. तिथे क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे सापडले, तेव्हा मूळ मूर्ती केवढी असेल या विचाराने पाहणारा चक्रावतो. औसा तालुक्यातली खरोसा लेणी जांभ्या दगडात खोदलेली आहेत. जांभा खोदायला सोपा पण झिजायलाही सोपा, म्हणून तिथले चेहरे पुसट झाले आणि होट्टलचे राहिले. पुढच्या काळातले उदगीर आणि औशाचे किल्ले, बिलोलीची जुनी दगडी मशीद, गावोगावच्या गढ्या आणि बारवा हे सगळे त्याच हातांचे काम. राजांची नावे शिलालेखांत आहेत, दान देणाऱ्यांची आहेत. दगड घडवणाऱ्याचे नाव शोधून सापडणे विरळा.

गेल्या दोन-तीन शतकांत हे काम मुख्यतः वडार समाजाच्या अंगावर आले. या समाजात कामाप्रमाणे पोटभेद पडले. मातीकाम करणारे ते माती वडार. गाढवांवर माती वाहणे, तळ्यांचे आणि रस्त्यांचे भराव घालणे हे त्यांचे काम. ठेंगण्या, भरीव चाकांच्या गाड्यांवरून खदानीतला दगड वाहणारे ते गाडी वडार. दगड घडवणारे, जाती-पाटे करणारे ते पाथरवट. घरात बोलली जाणारी वडारी ही तेलुगूच्या जवळची बोली. नायगाव-बिलोली-देगलूर भागात बाजारात निम्मे व्यवहार तेलुगू मिसळूनच होतात, त्यामुळे पुण्या-सोलापुराकडे परकी वाटणारी ही बोली इथे कानाला खटकत नाही.

समाज एकच, पण कागदावर त्याचे तीन तुकडे आहेत. महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींच्या ‘अ’ गटात येतात. देगलूरच्या पलीकडे कर्नाटकात तेच लोक भोवी किंवा वड्डर म्हणून अनुसूचित जातींच्या यादीत आहेत आणि तेलंगणात वड्डेरा म्हणून मागासवर्गीयांत. देगलूरहून दोन्ही राज्यांच्या सीमा जवळ. सोयरिकी सीमा ओलांडून होतात. मुलीचे सासर सीमेपलीकडे असले की जातीच्या दाखल्याचे गणित बदलते. ‘विमुक्त’ हा शब्दही सरकारी इतिहासातून आलेला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, कामाच्या शोधात फिरणाऱ्या अनेक जमाती त्यात अडकल्या, आणि १९५२ मध्ये तो रद्द झाल्यावर त्यांना विमुक्त म्हणू लागले. विहिरी खोदणाऱ्या, किल्ले दुरुस्त करणाऱ्या माणसांना कारागीर म्हणण्याआधी फिरस्ते म्हटले गेले. ही चूक कायदा रद्द झाल्याने पुसली गेली नाही.

ग्रीसमधल्या टिनोस बेटावर याच धंद्याचे वेगळे झाले. तिथल्या पिर्गोस गावात पिढ्यान्‌पिढ्या संगमरवर घडवणारी घराणी आहेत. १९५५ साली तिथे दगडकामाची शाळा निघाली आणि २०१५ मध्ये युनेस्कोने टिनोसच्या संगमरवरी कारागिरीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. छन्नी, हातोडा, पाचर ही हत्यारे तिथेही आहेत आणि बाप मुलाला शिकवतो ही रीतही तीच. फरक शाळेचा आणि नोंदीचा आहे.

मराठवाड्यातल्या घरात पाथरवट पोचायचा तो जात्याच्या निमित्ताने. जात्याच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. मधोमध खीळ, कडेला खुंटा, वरच्या तळीला दाणे टाकायचे तोंड. तळ्यांची आतली बाजू खरबरीत असावी लागते. ज्वारी दळून दळून ती गुळगुळीत झाली की पीठ भरड पडते, दाणा नुसता घरंगळतो. मग टाकी लावणारी बाई किंवा माणूस गल्लीतून हाळी देत जायचा. अंगणात बसून तो तळीवर छन्नीचे बारीक ठोके मारत खळगे पाडायचा. पाट्याचेही तसेच. टाकी लावलेल्या पाट्यावरची पहिली चटणी टाकून द्यायची असते, कारण तिच्यात दगडाची कच असते; हे कुणी पुस्तकात लिहिलेले नाही पण प्रत्येक आजीला माहीत होते. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते कोपऱ्यात गेले, मिक्सर आला तेव्हा पाटा.

जे दगडकाम वडारांचे म्हणून हिणवले गेले ते १९७२ च्या दुष्काळात साऱ्या मराठवाड्याने केले. विहिरी आटल्या, पेरण्या गेल्या आणि सरकारने खडी फोडण्याची कामे काढली. सातबारा नावावर असलेली माणसे बायकापोरांसह रस्त्याकडेला बसून हातोडीने खडी फोडत होती. कामावर सुकडी मिळायची. बोटे फुटायची, डोळ्यांत कच जायची. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला त्यामागे त्या दिवसांचा अनुभव होता. त्या वेळी फोडलेली खडी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिली, हा भाग वेगळा.

दगडावरचा विश्वास मात्र उडाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली आठ-दहा हजार माणसे बहुतांशी आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. तिथल्या भिंती दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही रुंद होत्या. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, मधे गोट्यांची आणि चिखलाची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा जोडदगड बहुतेक घरांत नव्हता. हादरा बसताच पदर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोटातून फुटली. वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर किलचण आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी दरवर्षी नवा थर पडायचा, त्यामुळे छताचे वजन पिढीगणिक वाढत गेलेले. ज्या घरांत छत सागवानी खांबांवर तोललेले होते तिथे पुष्कळदा भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला, असे नंतरच्या पाहण्यांत दिसले.

दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. होट्टलचे मंदिर आठ-नऊशे वर्षे उभे आहे, कारण तिथे घडीव दगड एकमेकांत बसवलेले आहेत. गावातल्या घरांना घडीव दगड परवडत नव्हता. अनघड दगड रचून चिखलाने सांधले जात होते. भर घालून भिंत रुंद केली की ती भक्कम, अशी समजूत होती. अभियंत्यांनी पुढे जुन्या भिंतींना भोके पाडून आरपार काँक्रीटचे जोड बसवण्याची, कोपरे बांधून घेण्याची पद्धत सांगितली. ती स्वस्त होती आणि चांगली होती. पण ज्याच्या घरावर दगड पडला त्याला दगडाची बाजू कोण पटवणार? किल्लारीपासून शंभर किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या गावांतही लोकांनी माळवदे उतरवली, पत्रे टाकले, विटा-सिमेंट आणले. दगडी भिंत बांधणारे गवंडी प्लास्टर करू लागले.

खदानी मात्र बंद पडल्या नाहीत, उलट वाढल्या. आता दगड घडवण्यासाठी नव्हे, बारीक करण्यासाठी निघतो. बोर मारून सुरुंग उडवतात, डबर डंपरमध्ये भरतात, क्रशर त्याची खडी आणि कच करतो. नांदेड-देगलूर महामार्गाचे रुंदीकरण असो की गावातला सिमेंट रस्ता, खडीशिवाय काम हलत नाही. तिची मोजणी ब्रासमध्ये होते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. महसूल खाते गौण खनिज म्हणून तिच्यावर स्वामित्वधन घेते. नस ओळखणाऱ्या माणसाची क्रशरला गरज नसते, गरज असते ती पट्ट्यावर दगड ढकलणाऱ्याची. धुळीतही दोन दगडांचा फरक आहे. काळ्या पाषाणात मोकळी गारगोटी जवळपास नसते. ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असते आणि तिची बारीक धूळ छातीत साचली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसे आतून घट्ट होत जातात, ते उलट फिरवणारे औषध नाही. खडीची मागणी वाढत जाते तशी ही धूळही वाढते. फोडताना पाणी मारले आणि तोंडाला साधे फडके न बांधता योग्य मास्क लावला तर धोका पुष्कळ कमी होतो, आणि कामगाराला तो मास्क देणे हे मालकाचे काम आहे.

सोडून दिलेल्या खदानीत पावसाचे पाणी साठते. उन्हाळ्यात तिथे कपडे धुतात, गुरे पाजतात, पोरे पोहतात. कडा सरळ तुटलेल्या असल्याने पोहता न येणाऱ्याला पाय टेकायला जागा नसते. अशा खदानींना कुंपण घालणे आवश्यक आहे.

घडीव दगड आता लागतो तो देवळाच्या पायरीला, समाधीच्या चौथऱ्याला, आणि लग्नात. हळद दळायला जाते लागतेच. त्याला सुपारी बांधतात, सुवासिनी खुंट्याला हात लावतात. कोपऱ्यात पडलेले जाते त्या दिवशी धुऊन पुढे आणले जाते. त्याच्या तळ्या बहुधा गुळगुळीत झालेल्या असतात, म्हणून हळद आधी गिरणीतून दळून आणतात आणि जात्यावर नावापुरती पाच मुठी टाकतात.