देखणेपण उतरवून ठेवलेले इंजिन

१९४० च्या दशकात अमेरिकेतील डिझेल इंजिने मोठी राजबिंडी दिसत. जनरल मोटर्सच्या ‘एफ’ मालिकेचे गोलसर नाक आणि तुकतुकीत रंग प्रवाशांना भुरळ घालीत. पण त्या अंगाच्या बाजू नुसते आवरण नव्हत्या. पुलाच्या कैचीसारख्या त्या भार पेलत. म्हणून त्यांत हवी तिथे दारे ठेवता येत नसत. दुरुस्ती आतल्या अरुंद बोळातून करावी लागे आणि ड्रायव्हरला मागचे नीट दिसत नसे. लांब पल्ल्याच्या गाडीला हे चालून जाई. पण वाटेत ठिकठिकाणी डबे सोडत-जोडत जाणाऱ्या मालगाडीला इशारा देणारा माणूस मागे उभा असतो. तो दिसला नाही, तर गाठ जिवाशी.

प्रतिस्पर्धी ‘अल्को’ कंपनीने १९४१ मध्येच ‘आरएस-१’ आणून वाट दाखवली होती. जनरल मोटर्सने १९४८ मध्ये ‘बीएल-२’ काढले. बाजू कापल्या, पण भार त्यांच्यावरच ठेवला. ही तडजोड फसली.

१९४९ मध्ये अभियंता रिचर्ड डिलवर्थ यांच्या ‘जीपी-७’ने प्रश्न मुळातून सोडवला. सारा भार खालच्या सांगाड्यावर घेतला. वर उरले अरुंद बॉनेट, त्याला दारेच दारे, आणि बाहेरून कठडा लावलेली चालायची जागा. आत सोळा सिलिंडरचे, १,५०० अश्वशक्तीचे डिझेल यंत्र जनरेटर फिरवी आणि त्याची वीज चार आसांवरच्या मोटरींना मिळे. प्रवासी गाडी, मालगाडी, शंटिंग, सगळे तेच करी. १९५४ पर्यंत अशी २,७०० हून अधिक इंजिने बनली.

यात एक पेच आहे. कामगाराची सोय पाहून घडलेल्या या यंत्राने कामगारही कमी केले. दोन-तीन इंजिने जोडून एकच ड्रायव्हर चालवू लागला. बॉयलर नाही, म्हणून बॉयलर-कारागीर नको. कोळसा-पाण्याच्या थांब्यांवर जगणारी गावे ओस पडू लागली.

आपल्याकडे हीच ठेवण आली ती ‘अल्को’च्या आराखड्यातून. १९६२ मध्ये आलेले आणि पुढे वाराणसीत घडलेले ‘डब्ल्यूडीएम-२’ याच कुळातले. लांब बॉनेट, बाजूची दारे, कठडा: स्टेशनात उभे असताना आपण ज्याला ‘डिझेल इंजिन’ म्हणून ओळखत आलो, तो चेहरा मुळात चेहऱ्याचा विचार सोडून दिल्यावर सापडलेला होता.