वाघोबा : एका नामाचा अर्थ

१९९५ मध्ये पोर्तो रिको बेटावर शेळ्यामेंढ्यांचे रक्त शोषणाऱ्या एका प्राण्याची वदंता पसरली. त्यास ‘चुपाकाब्रा’, म्हणजे ‘शेळीशोष्या’, हे नाव मिळाले. या नामातच आरोप आहे. ठाकुर्ली ज्या ठाणे जिल्ह्यात मोडते तेथील वारली मात्र गुरे नेणाऱ्या वाघास ‘वाघोबा’ म्हणतात आणि वाघबारशीस, आश्विन वद्य द्वादशीला, त्याचे पूजन करतात. विठोबा, खंडोबा यांतील आदरार्थी ‘बा’ येथेही आहे. शिवाय लोकभाषेत ‘वाघ’ या शब्दात बिबट्याही येतो. त्यामुळे पट्टेरी वाघ दिसेनासा झाला, तरी दैवताचा प्राणी उरला. हानी दोन्हीकडे जनावरांचीच. परंतु आरोपीस हुडकून मारावयाचे असते. ‘बा’शी मात्र सलोखा राखावा लागतो.